तंत्रज्ञानाची जोड देऊन तास कसा आखावा: नववीच्या 'वृष्टी' पाठावरून

शाळेत स्मार्ट टीव्ही आला, प्रोजेक्टर आला, काही ठिकाणी टॅबही आले. पण बऱ्याच वर्गांत त्यांचा उपयोग ठरलेला असतो: घटक शिकवून झाला की शेवटच्या दहा मिनिटांत एक व्हिडिओ लावायचा. मुलं खूश होतात, शांत बसतात, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर व्हिडिओमागचं संगीत त्यांना आठवतं, आशय मात्र निसटलेला असतो. यात मुलांचा किंवा टीव्हीचा दोष काढण्यात अर्थ नाही. तासाची आखणी झाली तेव्हा टीव्हीला त्यात जागाच नव्हती, त्याला मागून आत घेतलं गेलं.

आखणीची सुरुवात मुलं जिथे अडतात त्या जागेपासून करावी, उपकरण नेमकं तिथेच आणावं आणि त्याचं काम झालं की बंद करावं, असं माझं मत आहे. ते प्रत्यक्षात कसं उतरवायचं हे पाहण्यासाठी एकच पाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेऊ. नववीच्या भूगोलातला 'वृष्टी' आणि त्यातही प्रतिरोध पाऊस. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी याहून जवळचं उदाहरण सापडणं कठीण, कारण सह्याद्री आपल्या दारातच उभा आहे.

आधी अडणारी जागा शोधा

बाष्पयुक्त वारे डोंगराला अडतात, वाताभिमुख बाजूला भरपूर पाऊस पडतो, वातविन्मुख बाजूला कमी, आणि त्या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. एवढं मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुणही मिळवतात. पण एक प्रश्न पुढे विचारून पाहा: "डोंगराने अडवलं म्हणजे नक्की काय झालं?" बहुतेक उत्तरं अशी येतात: ढग डोंगरावर आपटतात आणि फुटतात. किंवा ढगांना डोंगर ओलांडताच येत नाही. मग विचारा, "पावसाळ्यात वाईच्या डोक्यावरून ढग पूर्वेकडे पळताना दिसतात. ते आले कुठून? आणि महाबळेश्वराइतके बरसत का नाहीत?" वर्ग गप्प होतो. हीच ती अडणारी जागा.

मुलांच्या डोक्यात डोंगर म्हणजे भिंत असते. हवा त्या डोंगरावर चढते, वर दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते आणि प्रसरण पावल्यामुळे गार होते, हा दुवा त्यांच्याकडे नसतो. उतरताना तीच हवा दाबली जाते, तापते आणि ढगातले थेंब पुन्हा हवेत विरतात, हा दुसरा दुवाही नसतो. शिक्षकाने स्वतःसाठी एक आकडा लक्षात ठेवावा: कोरडी हवा एक किलोमीटर वर चढली की सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. ढग धरू लागल्यावर हा वेग कमी होतो, कारण बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. मुलांकडून हे पाठ करून घ्यायची गरज नाही. पण "वर गेलं की सूर्य जवळ येतो, मग गरम व्हायला पाहिजे ना?" असं एखादी मुलगी विचारतेच, आणि तेव्हा उत्तर टाळून चालत नाही.

अशी जागा शोधायची कशी? गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढा आणि व्याख्या सोडून फक्त आकृत्या बघा. बहुतेक आकृत्यांत वाऱ्याचा बाण डोंगरापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. वर जाणारा बाण थोड्याच आकृत्यांत दिसतो, पलीकडे उतरणारा जवळजवळ नसतोच. व्याख्या घोकता येते, आकृतीत मात्र गैरसमज उघडा पडतो. मधल्या सुट्टीत दोन-तीन मुलांशी बोललात तरी चालेल, पण हुशार मुलांनाच बोलवू नका. या कामाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं चकचकीत दिसेल आणि तरी मूल होतं तिथेच राहील.

मूल काय करून दाखवेल ते लिहा

टाचणात 'विद्यार्थ्यांना प्रतिरोध पाऊस समजेल' असं लिहिलं तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही. समजलं हे ओळखायचं कशावरून? त्याऐवजी असं लिहा: विद्यार्थी पोलादपूर ते वाई असा जमिनीचा छेद, म्हणजे बाजूने पाहिल्यावर दिसणारी चढउताराची रेघ, काढेल, त्यावर हवेच्या प्रवासाचे बाण दाखवेल, हवा कुठे गार होते आणि कुठे गरम हे लिहील, आणि महाबळेश्वर व वाईच्या पावसातला फरक त्या बाणांवरून स्वतःच्या शब्दांत सांगेल.

वाक्य लांब आहे, पण त्यातून तासाला काय काय लागणार ते आपोआप बाहेर येतं. जमिनीचा खरा आकार लागेल. पावसाचे खरे आकडे लागतील. आणि हवा प्रसरण पावली की गार होते याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा लागेल. हे तिन्ही हाताशी आले की उपकरणाचा विचार सुरू करायचा, त्याआधी नाही.

खडूला जे जमत नाही तेवढंच पडद्याकडे द्या

पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये एक चौकट मांडली. आशयाचं ज्ञान, शिकवण्याच्या पद्धतीचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान ही तीन वेगवेगळी असून भागत नाही, ती जिथे एकमेकांत मिसळतात तिथे चांगला तास घडतो, असा तिचा आशय. तिच्या मुळाशी ली शुलमन यांचं १९८६ मधलं काम आहे: विषय येणं वेगळं आणि तो विषय मुलांना कुठे जड जातो हे ठाऊक असणं वेगळं. शिक्षक प्रशिक्षणांत ही चौकट वर्तुळांच्या आकृतीसह दाखवली जाते आणि तिथेच सोडून दिली जाते. रोजच्या कामासाठी मी तिचा एक साधा प्रश्न करून ठेवला आहे: हे काम खडू, फळा आणि माझा आवाज यांनी होतं का? होत असेल तर तसंच करा.

खडूला काय जमत नाही? फार मोठं किंवा फार लहान दाखवणं. क्षणात होऊन जाणारी गोष्ट थांबवून पुन्हा पुन्हा दाखवणं. एक आकडा बदलला की त्याचा परिणाम लगेच दिसणं. मुलाला त्याचाच आवाज परत ऐकवणं. पन्नास मुलांची उत्तरं एका मिनिटात गोळा करणं. आपल्या पाठात यातली तीन कामं आहेत: पंचेचाळीस किलोमीटरचा मुलूख एका नजरेत आणायचा आहे, महिनाभराच्या रोजच्या पावसाचे आकडे झटपट आलेखात उतरवायचे आहेत, आणि क्षणभर दिसून विरणारं धुकं मागच्या बाकापर्यंत पोचवायचं आहे. व्याख्या, नावं, फळ्यावरची आकृती, चर्चा हे सगळं पडद्याशिवाय अधिक चांगलं होतं.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडकडेही याच नजरेने पाहावं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना असे कोड जोडले, आणि त्यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. कोडमुळे पुस्तकाच्या ज्या पानावर मूल आहे त्याच पानाचं साहित्य उघडतं, शोधाशोध करावी लागत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा व्हिडिओ आधी डाउनलोड करून ठेवता येतो. तो पूर्ण लावायची सक्ती कुणी केलेली नाही. सहा मिनिटांतली कामाची दीड मिनिटं निवडा, कुठे थांबवायचं आणि थांबवून काय विचारायचं ते टाचणात लिहून ठेवा. आवाज बंद करून "काय चाललंय ते तुम्ही सांगा" असं म्हणून पाहा, हा प्रकार मला फार आवडतो.

घरी बसून करायची तयारी

छेदासाठी संगणकावर गूगल अर्थ प्रो घ्या. ते २०१५ पासून मोफत आहे. त्यात 'ॲड पाथ' निवडून पोलादपूरपासून महाबळेश्वर आणि पाचगणीवरून वाईपर्यंत रेघ ओढा. ती शक्य तितकी सरळ ठेवा, घाटाच्या वळणांमागे जाऊ नका. रेघ जतन करून तिच्या नावावर उजवी क्लिक करा आणि 'शो एलिव्हेशन प्रोफाइल' निवडा. खाली छेद उमटतो: कोकणातून एकदम उठलेला कडा, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर, मग पाचगणीपर्यंत जवळपास तेवढ्याच उंचीचं पठार, आणि पसरणी घाटाने खाली उतरून सुमारे ७०० मीटरवरची वाई. याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. वर्गात नेट चाललं तर जिवंत दाखवा, नाही चाललं तर चित्र आहेच.

इथे एक सावधगिरी. त्या छेदात उंची खूप ताणून दाखवलेली असते, त्यामुळे सह्याद्री सुळक्यासारखा दिसतो आणि मुलांच्या डोक्यातली भिंत आणखी पक्की होते. म्हणून तोच छेद खऱ्या प्रमाणातही काढून घ्यायचा. पोलादपूर ते वाई सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटर. एक किलोमीटरला एक सेंटिमीटर धरलं तर रेघ ४५ सेंटिमीटरची होते, आणि तिच्यावर महाबळेश्वरची उंची भरते जेमतेम १.३ सेंटिमीटर! मुलं पट्टी लावून पुन्हा पुन्हा मोजतात, चूक झाली असं समजतात. एवढासा उंचवटा ढगांना कसा काय थोपवणार, हा प्रश्न मग त्यांच्याच तोंडून येतो. पडद्यावरचं चित्र आणि वहीतली रेघ एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण या तासाला हवंच आहे.

पावसाचे आकडे राज्याच्या कृषी विभागाच्या 'महारेन' या संकेतस्थळावर मिळतात. तिथे महसूल मंडळनिहाय, म्हणजे तालुक्याहून लहान भागाची, नोंद असते, ती वापरा. तालुक्याची सरासरी घेऊ नका. पाचगणी महाबळेश्वर तालुक्यातच आहे, सरासरीत तिचा पाऊस मिसळला की जो फरक दाखवायचा तोच पुसला जातो. महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई या तीन मंडळांचे कोणत्याही एका जुलैचे रोजचे आकडे स्प्रेडशीटमध्ये उतरवा आणि एक पान छापूनही ठेवा. एखाद्या दिवसाची नोंद रिकामी असेल तर ती जागा रिकामीच ठेवा, तिथे शून्य भरू नका. पाऊस न पडणं आणि नोंद नसणं यातला फरक मुलांना कळायला हा चांगला प्रसंग आहे.

पाचगणी यात मुद्दाम घेतली आहे. 'जितकं उंच गाव तितका जास्त पाऊस' अशी समजूत मुलं फार लवकर करून घेतात. पाचगणी महाबळेश्वरहून जेमतेम पन्नासेक मीटर खाली, रस्त्याने वीस किलोमीटरच्या आत, आणि पाऊस मात्र महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, वाईला हजाराच्या आत. उंचीचं स्पष्टीकरण पाचगणीपाशी कोसळतं आणि मुलांना हवेच्या प्रवासाचा विचार करावाच लागतो: कड्यावर चढताना बाष्पाचा मोठा वाटा पडून गेला आणि पुढे सपाटीवर हवेचं चढणंही थांबलं.

तिसरी वस्तू बाटलीतला ढग. शीतपेयाची रिकामी पारदर्शक बाटली, तळाशी दोन चमचे कोमट पाणी, हलवून घ्यायचं. उदबत्तीचा थोडा धूर आत सोडून झाकण घट्ट लावायचं. दोन्ही हातांनी बाटली जोरात दाबायची, चार-पाच सेकंद धरायची आणि झटकन सोडायची. दाबलेली असताना आत स्वच्छ दिसतं, सोडताच पांढुरकं धुकं धरतं, पुन्हा दाबलं की विरतं. पाणी कडक गरम घेऊ नका, बाटली वाकते. हे धुकं फिकं असतं, पहिल्या बाकापलीकडे दिसत नाही. म्हणून बाटलीमागे काळा कागद, बाजूने टॉर्च, समोर पुस्तकांच्या थप्पीवर टेकवलेला फोन, आणि फोनचा पडदा टीव्हीवर. स्लो मोशनमध्ये टिपून ठेवलं तर बाटली सोडल्यावर धुकं धरतानाचा क्षण पुन्हा पुन्हा पाहता येतो. आंतरजालावर याचे उत्तम व्हिडिओ तयार आहेत, तरी ते लावू नका. आपल्याच वर्गातल्या मुलाने दाबलेल्या बाटलीत ढग दिसला की त्यावर विश्वास बसतो.

मुलं "तो धूरच आहे" म्हणणार, आणि त्यांची शंका रास्त आहे. त्यासाठी दुसरी कोरडी बाटली तयार ठेवा, धूर तेवढाच, पाणी नाही. ती दाबून सोडली तरी धुकं येत-जात नाही. थेंब धरायला बारीक कण लागतात आणि धुराने ते पुरवले, एवढं सांगितलं की पुरे.

चाळीस मिनिटांची मांडणी

पहिली सहा मिनिटं पडदा बंद. फळ्यावर फक्त तीन गावं आणि त्यांची उंची. कुठे सर्वांत जास्त पाऊस, कुठे सर्वांत कमी, आणि कारण काय, हे प्रत्येकाने वहीत लिहायचं. पेनानेच, म्हणजे मागाहून खोडता येणार नाही. अंदाज लिहिलेलं मूल पुढचा पडदा वेगळ्या डोळ्यांनी पाहतं, कारण आता त्याला आपलं बरोबर आलं का ते पाहायचं असतं. वेळ मिळाला तर प्लिकर्सची कार्डं वापरा. मुलं छापील कार्ड हव्या त्या बाजूने धरतात, शिक्षकाचा एकच फोन सगळ्यांची उत्तरं टिपतो. कार्डं साध्या कागदावर छापा, चकचकीत लॅमिनेशनवर उजेड पडला की कॅमेऱ्याला ती वाचता येत नाहीत. कार्डं नसतील तर छातीशी धरलेली बोटंही चालतात: एक, दोन की तीन.

पुढची दहा मिनिटं आकड्यांची. चार-चार जणांचे गट. तिन्ही ठिकाणांच्या जुलैच्या एकूण पावसाचे स्तंभ आलेख कागदावर हाताने काढायचे. त्याच वेळी टीव्हीवर रोजच्या पावसाचा रेषालेख ठेवायचा. तीन ठिकाणांचे एकतीस दिवस हाताने काढायला गेलं तर तास तिथेच संपेल, म्हणून तेवढं काम स्प्रेडशीटकडे. रेषा बघितल्यावर मुलांना एक गोष्ट न सांगता दिसते: महाबळेश्वरला झोडपलं त्या दिवशी वाईतही बऱ्याचदा थोडाफार पाऊस आहे. म्हणजे ढग पलीकडे पोचतात. भिंतीची कल्पना इथे पहिल्यांदा हलते. मात्र हा संबंध कोणत्या दिवशी किती ठळक आहे ते तुम्ही आधी पाहून ठेवलेलं असावं. प्रत्येक वर्षाचा जुलै सारखा नसतो.

मग आठ मिनिटं छेद. आधी पडद्यावरचा, नंतर वहीतली ४५ सेंटिमीटरची रेघ. दोन पानं जोडावी लागतात, ती आदल्या दिवशीच चिकटवून आणायला सांगा, नाहीतर डिंक शोधण्यातच वेळ जातो.

त्यानंतर दहा मिनिटं बाटली. प्रत्येक गटाला एक बाटली मिळाली तर उत्तम. तेव्हा पडदा फक्त एकदा, सुरुवातीला, काय बघायचं ते दाखवायला. धुकं येताना आणि विरताना दिसलं की फळ्यावरच्या छेदाकडे बोट दाखवून विचारा: "महाबळेश्वर कुठल्या बाटलीत आहे, दाबलेल्या की सोडलेल्या? आणि वाई?" इथे घाई करू नका. उत्तर पहिल्या बाकावरून आलं तरी "पुन्हा कोण सांगेल, दुसऱ्या शब्दांत?" असं म्हणत किमान तिघा-चौघांकडून ऐका. तासाचा गाभा हाच आहे, आणि तो पडद्यावर नाही, मुलांच्या तोंडी आहे.

शेवटच्या सहा मिनिटांत टीव्ही बंद, फोन खिशात. प्रत्येकाने छेदावर बाण काढायचे, गार-गरम लिहायचं, आणि तासाच्या सुरुवातीला पेनाने लिहिलेल्या अंदाजाखाली आता काय वाटतं ते एका वाक्यात लिहायचं.

टॅब कोणाच्या हातात

आकड्यांचं काम टॅबवर देणार असाल तर चार मुलांमागे एक टॅब पुरतो, किंबहुना चार टॅबपेक्षा बरा, कारण मग बोलावं लागतं. पण कामं वाटून द्या: एक जण चालवेल, एक आकडे वाचेल, एक वहीत उतरवेल, एक शंका काढेल. टाळी वाजली की कामं बदलायची. हे केलं नाही तर काय होतं ते कोणत्याही वर्गात दिसेल: टॅब एका धीट मुलाकडे जातो आणि तास संपेपर्यंत तिथेच राहतो. मिश्र गटांत तो बहुधा मुलाकडे जातो आणि मुली लिहून घेण्याचं काम करत बसतात. चालवण्याची पहिली पाळी मुलींना द्या, आणि ते कारण सांगत न बसता द्या.

आदल्या दिवशी स्वतः शेवटच्या बाकावर बसून पडद्यावरचे आकडे वाचता येतात का पाहा. खिडकीचा उजेड पडद्यावर पडतो का, हेही तिथूनच कळतं. आलेखातली अक्षरं आपल्याला बटबटीत वाटतील इतकी मोठी ठेवली की मागच्यांना ती जेमतेम ठीक दिसतात.

नेट गेलं, वीज गेली

पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या शाळेत वीज जाणं रोजचंच. म्हणून प्रत्येक पडद्याला कागदाची जोडी तयार ठेवायची: छेदाचा छापील स्क्रीनशॉट, आकड्यांचं पान, आणि बाटली तर विजेवर चालतच नाही. वीज नसेल तर गटागटाने खिडकीपाशी बोलावून फोनच्याच पडद्यावर धुकं दाखवा. इथे आखणीची कसोटीही लागते. वीज गेल्यावर तास पूर्णच थांबत असेल तर सगळा भार उपकरणावर टाकला गेला आहे, आणि वीज गेल्याने काहीच फरक पडत नसेल तर उपकरण आणलं कशाला, हेही विचारावं लागेल. दोन्हीच्या मध्ये कुठेतरी असायला हवं: तास चालू राहतो, पण एक गोष्ट कमी स्पष्ट दिसते.

दुसऱ्या दिवशी

वह्या घेऊन आकृत्यांचे तीन गठ्ठे करा. ज्यांचा बाण अजून डोंगरापाशी थांबतो ते पहिले. बाण ओलांडून जातो पण गार-गरमचा पत्ता नाही ते दुसरे. पूर्ण जमलं ते तिसरे. गुण देण्यापेक्षा या गठ्ठ्यांवरून पुढच्या दहा मिनिटांत कोणाला कोणापाशी बसवायचं ते ठरतं. मग एकच नवा प्रश्न, पडद्याशिवाय: "वारे पूर्वेकडून, बाष्प घेऊन आले असते तर जास्त पाऊस कुठे पडला असता?" ज्याला हवेचा प्रवास कळला तो बाण उलटे फिरवतो. ज्याने महाबळेश्वरचं नाव पाठ केलं तो तेच नाव पुन्हा लिहितो. पुढे जायचं असेल तर मेघालय घ्या: मौसिनराम, शिलाँग आणि दक्षिणेकडून येणारे वारे.

घरचा अभ्यास आणि फोटो

घरी व्हिडिओ बघून या, असं सांगण्याआधी फोन कुणाचा आहे ते आठवा. तो बहुतेक वडिलांचा असतो, वडील रात्री येतात, आणि दोन भावंडांचा अभ्यास त्याच फोनवर असतो. ज्याच्या घरी फोन मोकळा असतो तोच मग वर्गात बोलतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. त्या गावातल्या मुलाला आपण नेमका त्याच वेळी पडद्यावरचा अभ्यास द्यावा, हे बरं दिसत नाही. या पाठाला घरचा अभ्यास म्हणून आजी-आजोबांना विचारा: आपल्या गावात पाऊस कोणत्या दिशेने येतो आणि कोणत्या डोंगराच्या पलीकडे कमी पडतो? ही माहिती पुष्कळ घरांत असते.

फोटोंबद्दल काटेकोर राहा. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे, आणि बालकाची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती लागते. मुलांचे चेहरे व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकण्याऐवजी आकृतीच्या वहीचा, बाटलीचा, हातांचा फोटो काढा. कोणत्याही ॲपमध्ये मुलांची खरी नावं आणि जन्मतारखा भरू नका. हजेरी क्रमांकावर काम भागतं.

इतर विषयांत

रीत तीच, अडणारी जागा वेगळी. गणितात मुलांना वाटतं की त्रिकोण जितका तिरका आणि लांबट, तितकं त्याचं क्षेत्रफळ जास्त. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि नेटशिवायही चालतं. पाया तोच ठेवून शिरोबिंदू पायाला समांतर रेषेवर सरकवा. त्रिकोण पार आडवा पडेपर्यंत बाजूचा क्षेत्रफळाचा आकडा हलत नाही. एवढ्या दोन मिनिटांसाठी ते उघडायचं.

विज्ञानात बल्बमधून गेल्यावर वीज 'संपते' असं मुलं मानतात. कोलोरॅडो विद्यापीठातल्या फेट प्रकल्पाची विद्युत परिपथाची प्रतिकृती घ्या. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी हा प्रकल्प २००२ मध्ये सुरू केला आणि त्याच्या अनेक प्रतिकृती मराठीतही आहेत. बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे अमीटर लावून आकडा सारखाच येतो हे दाखवा. पण आधी खरा सेल, खरी वायर आणि खरा बल्ब हातात द्या.

मराठीत फोनचा रेकॉर्डर पुरेसा आहे. मूल उतारा वाचतं, आपलाच आवाज ऐकतं, आणि विराम कुठे चुकला ते बाईंनी सांगायच्या आत स्वतःच सांगतं. इतिहासात मी मालिकांतले प्रसंग वर्गात लावत नाही, कारण मुलं ते पुरावा म्हणून धरून चालतात. त्यापेक्षा एखादं मोडी पत्र पडद्यावर मोठं करून त्यावरचा शिक्का आणि तारखेची जागा शोधायला लावणं कितीतरी रंगतं.

तास झाल्यावर टाचणाच्या समासात दोन ओळी लिहा: कोणत्या मिनिटाला मुलांचं लक्ष सुटलं आणि कोणता पडदा पुढच्या वर्षी गाळायचा. वेळापत्रकात थोडी हलवाहलव शक्य असेल तर 'वृष्टी' जुलैतच घ्या. त्या दिवसांत महारेनवर ताजे आकडे येत असतात आणि शाळेच्या आवारात पर्जन्यमापकही लावता येतो. त्यासाठी बाटलीचा वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा, तळाचा खळगा पाणी भरून सपाट करायचा आणि शून्याची खूण तिथून धरायची. आपल्या मंडळाचा आकडा आणि आपल्या बाटलीतला आकडा रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी लिहायला एका गटाला सांगा.